अकरा, पस्तीस आणि दहा हजार पस्तीस : एका संगणकीय त्रुटीचा इतिहास

१/
इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि मोडी कागद डोळ्यांसमोर येतात. आज एका निराळ्या साधनाकडे वळू : संगणकाच्या त्रुटिक्रमांकांकडे. एकच त्रुटी लिनक्सवर सर्वसाधारणपणे ११, मॅक आणि फ्रीबीएसडीवर ३५, तर विंडोजवर १००३५ या क्रमांकाने प्रकट होते. तिन्हींचा आशय एकच : ‘आत्ता काही होणार नाही, नंतर विचारा.’ मग क्रमांक तीन का? या तीन आकड्यांत युनिक्स घराण्याची चार दशकांहून अधिक काळची भाऊबंदकी गोठून राहिली आहे. हा धागा तिचाच. 🧵

२/
प्रथम संज्ञा स्पष्ट करू. दोन प्रोग्राम जाळ्यावरून एकमेकांशी बोलतात तेव्हा प्रत्येकाच्या हाती संभाषणाचे एक टोक असते. त्या टोकाला ‘सॉकेट’ म्हणतात. प्रोग्राम त्या टोकातून वाचतो आणि त्यातच लिहितो. पलीकडून मजकूर कधी येईल हे मात्र त्याच्या हाती नसते. ‘वाच’ म्हटल्यावर मजकूर आलेलाच नसेल तर काय करावे? संपूर्ण विषय या एका प्रश्नातून जन्मला आहे.

३/
युनिक्सचे मूळ उत्तर सरळ होते : थांबावे. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी या प्रणालीची पायाभरणी केली, तेव्हा वाचायचे ते डिस्कवरून किंवा टर्मिनलवरून. मजकूर नसेल तर कर्नल त्या प्रोग्रामला निजवतो, प्रोसेसर दुसऱ्या प्रोग्रामला देतो आणि मजकूर आला की पहिल्याला जागे करतो. यालाच ‘ब्लॉकिंग’ म्हणतात. आपल्या भाषेत खोळंबा. हा खोळंबा दोष नव्हता. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करायचे, तर जो रिकामा बसला आहे त्याने जागा सोडावी, हा शहाणपणाचाच नियम होता.

४/
अडचण उभी राहिली ती एका प्रोग्रामला एकाच वेळी दोघांचे ऐकावे लागले तेव्हा. दूरच्या यंत्रावर काम करू देणारा प्रोग्राम घ्या. एका बाजूला वापरकर्त्याचा कीबोर्ड, दुसऱ्या बाजूला जाळे. कीबोर्डची वाट पाहत निजला तर जाळ्यावरून आलेला मजकूर पडून राहतो. जाळ्याची वाट पाहत निजला तर वापरकर्त्याची अक्षरे पडून राहतात. बर्कलीच्या आर-लॉगिनने यावर जुना तोडगा काढला : स्वतःचे दोन भाग केले, एक वाचणारा आणि एक लिहिणारा. त्याच काळातील टेलनेट मात्र एकच राहिला आणि त्याने खोळंबाच नाकारला.

५/
खोळंबा नाकारणे म्हणजे ‘नॉन-ब्लॉकिंग’ पद्धत. टपाल कचेरीच्या खिडकीवर जाऊन विचारावे, ‘माझे पत्र आहे का?’ कारकुनाची उत्तरे तीन असू शकतात. एक : हे घ्या पत्र. दोन : अजून आलेले नाही, पुन्हा या. तीन : पत्र पाठवणाऱ्याने पत्रव्यवहारच संपवला आहे, आता काही येणार नाही. तिन्ही उत्तरे वेगवेगळी कळली पाहिजेत. दुसरे आणि तिसरे उत्तर एकसारखेच ऐकू आले, तर विचारणारा एकतर आशेवर जन्मभर खेटे घालील किंवा पत्र उद्या येणार असताना आजच आशा सोडून देईल.

६/
नेमकी हीच गफलत झाली. बेल लॅब्जच्या घराण्यातील सिस्टिम तीन आणि सिस्टिम पाच या आवृत्त्यांत ‘ओ-एनडिले’ नावाची खूण होती. ती लावली की वाचन खोळंबत नसे. परंतु मजकूर नसल्यास वाचनाची आज्ञा शून्य हे मूल्य परत देई. आणि युनिक्समध्ये शून्य या मूल्याला आधीपासून ठरलेला अर्थ होता : मजकूर संपला. म्हणजे ‘अजून आले नाही’ आणि ‘आता येणारच नाही’ या दोन्हींसाठी कारकून एकच रिकामा हात दाखवू लागला. खरी गोम येथे आहे. पुढचा सगळा इतिहास या दोन रिकामपणांना वेगळे करण्याचा आहे.

७/
आता कॅलिफोर्नियाकडे वळू. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधनसंस्था डार्पा हिने बर्कली विद्यापीठातील संगणक गटाला युनिक्सवर काम करण्यासाठी निधी दिला होता. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने जुना प्रोटोकॉल टाकून टीसीपी/आयपी स्वीकारला. जाळ्यात राहायचे तर यंत्रांना ही नवी बोली येणे भाग होते. बिल जॉय, सॅम लेफलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून ऑगस्ट १९८३ मध्ये ४.२बीएसडी ही आवृत्ती बाहेर पडली. सॉकेट ही कल्पना तिच्यातूनच जगभर पसरली.

८/
बर्कलीने शून्याचा घोळ टाळला. मजकूर नसेल तर उणे एक हे मूल्य परत येई आणि सोबत एक त्रुटिक्रमांक ठेवला जाई. त्याचे नाव ‘ईवुडब्लॉक’, म्हणजे ही आज्ञा पाळली असती तर खोळंबा झाला असता. क्रमांक ३५. पस्तीसच का? कारण १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील युनिक्सची त्रुटींची यादी ३४ वर संपत होती. शेवटचे दोन क्रमांक गणिती कारणांसाठी होते. बर्कलीने यादी तेथून पुढे चालवली : ३५ खोळंब्याची त्रुटी, ३६ ‘काम चालू आहे’, ३७ ‘काम आधीच सुरू आहे’. आकडा मनमानी वाटतो खरा, पण जुन्या भिंतीला लागून नवे बांधकाम झाल्याची ती खूण आहे.

९/
मग लिनक्सवरचा अकरा कोठून आला? तो याहून जुना आहे. सातव्या आवृत्तीतही ११ क्रमांकाची त्रुटी होती आणि तिचे नाव होते ‘ईअगेन’. पण तिचा जाळ्याशी काहीही संबंध नव्हता. नवा प्रोसेस जन्माला घालायचा आहे, परंतु कर्नलच्या तक्त्यात जागाच उरलेली नाही, असे झाले की ती येई. ‘आणखी प्रोसेस मिळणार नाहीत’ हा तिचा मूळ अर्थ. ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे केवळ नावातले आश्वासन होते. शब्दाचा अर्थ काळानुसार बदलतो हे भाषेच्या इतिहासात आपण नेहमी पाहतो. येथे तेच एका आकड्याच्या बाबतीत घडले.

१०/
१९८० च्या दशकात युनिक्सच्या दोन शाखांत दरी वाढली. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना दोन्हीकडे चालेल असे काही हवे होते. १९८८ मध्ये ‘पॉझिक्स’ हे प्रमाणक आले. हा एक प्रकारचा तहच होता. ‘ओ-एनडिले’ या नावाला दोन घराण्यांत दोन अर्थ चिकटले होते, म्हणून तहाने ते टाळून ‘ओ-नॉनब्लॉक’ हे नवे नाव योजले. मजकूर नसल्यास शून्य नव्हे, तर त्रुटीच मिळेल, हे तत्त्व बर्कलीचे ठरले. त्रुटीचे नाव मात्र जुने राहिले : ईअगेन. एकाचे तत्त्व, दुसऱ्याचे नाव. तह असेच होतात.

११/
तहानंतर प्रत्येकाने आपापल्या घरात डागडुजी केली. बर्कलीच्या वंशजांनी ईअगेनला अकरावरून उचलून पस्तीसवर आणले, म्हणजे ईवुडब्लॉक आणि ईअगेन एकच झाले. रिकामा झालेला ११ हा क्रमांक ‘डेडलॉक टाळला’ या निराळ्या त्रुटीला मिळाला. फ्रीबीएसडीच्या संबंधित फाइलीत येथे पूर्वी ईअगेन होता अशी टीप आजही आढळते. १९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्सने उलट वाट धरली : अकरा कायम ठेवला आणि ईवुडब्लॉकलाच त्याच्या नावावर चढवले. एकीकडे नाव आकड्याच्या घरी गेले, दुसरीकडे आकडा नावाच्या घरी राहिला.

१२/
आता तिसरा आकडा. १९९० च्या दशकाच्या आरंभी विंडोजसाठी जाळ्याची एकसमान पद्धत ठरवण्याचे काम सुरू झाले आणि जानेवारी १९९३ मध्ये विनसॉकची १.१ ही आवृत्ती आली. तिचा आदर्श बर्कलीचा होता. विंडोजच्या स्वतःच्या त्रुटींशी टक्कर नको म्हणून बर्कलीच्या क्रमांकांत १०००० मिळवले गेले. ३५ चे १००३५ झाले. ज्या यंत्रावर बर्कली युनिक्स कधी चाललेही नसेल, त्यावर आज कोणाला १००३५ दिसतो, तेव्हा तो १९८३ च्या यादीतील क्रमांक वाचत असतो.

१३/
विंडोजला नॉन-ब्लॉकिंगची निकड अधिक होती, हेही ध्यानात घ्यावे. विंडोज ३.१ मध्ये प्रोग्राम एकमेकांच्या सौजन्यावर चालत. एकाने ताबा सोडला नाही तर बाकी सगळे अडून बसत. अशा घरात एका प्रोग्रामने जाळ्याची वाट पाहत थांबणे म्हणजे संपूर्ण पडदाच गोठणे. म्हणून विनसॉकने निराळी सोय केली : सॉकेटवर काही घडले की त्याची वर्दी खिडकीच्या नेहमीच्या संदेशांतूनच मिळावी. युनिक्सवर जी सोय होती, ती येथे जवळजवळ अट बनली.

१४/
आता इतिहासाकडून दुरुस्तीकडे येऊ, कारण हे जुने निर्णय आजच्या चुकांत जिवंत आहेत. पहिले प्रकरण : जोडणी. खोळंबा न करता जोडणी मागितली की युनिक्सवर तत्काळ त्रुटी मिळते : ‘ईइनप्रोग्रेस’, काम चालू आहे. नवखा प्रोग्रामर ती अपयश समजून सॉकेट बंद करतो. खरी रीत अशी : सॉकेट लिहिण्यायोग्य होईपर्यंत वाट पाहावी आणि मग ‘एसओ-एरर’ हा पर्याय विचारून निकाल घ्यावा. लिहिण्यायोग्य होणे म्हणजे यश नव्हे. जोडणी नाकारली गेली तरीही सॉकेट तसे दाखवते. निकाल लागला एवढेच त्यातून कळते, कोणता लागला हे कळत नाही.

१५/
येथेच विंडोजची वाट फुटते. क्रमांक बर्कलीचे घेतले, तरी अपुऱ्या जोडणीसाठी विनसॉक १००३६ न देता १००३५ देते. तेथे १००३६ चा अर्थ निराळा आहे : एक खोळंबणारी आज्ञा आधीच चालू आहे. परिणामी लिनक्सवर नीट चालणारा प्रोग्राम विंडोजवर नेला की पहिल्याच जोडणीला ‘अपयश’ सांगतो. शोधणारा जाळे तपासतो, फायरवॉल तपासतो, पलीकडचा सर्व्हर तपासतो. चूक कोठेच नसते. एकाच घराण्यातील दोन शाखांनी एक शब्द दोन अर्थांनी वापरला, एवढेच कारण असते.

१६/
दुसरे प्रकरण : अर्धवट लेखन. एक लाख बाइट पाठवायला सांगितले. कर्नलच्या साठ्यात काही हजारांचीच जागा होती. आज्ञा तेवढेच घेते आणि किती घेतले तो आकडा परत देते. उरलेला मजकूर सांभाळून ठेवणे आणि जागा झाल्यावर तेथूनच पुढे पाठवणे ही प्रोग्रामची जबाबदारी. ती विसरली की मजकुराचा मधला तुकडा नाहीसा होतो. ही चूक लपून राहते, कारण स्वतःच्या यंत्रावर तपासताना साठा बहुधा भरतच नाही. वापरकर्त्याचे जाळे संथ असेल तेव्हाच ती उघडी पडते. म्हणजे फटका नेमका त्याला, ज्याची जोडणी आधीच कमकुवत आहे.

१७/
तिसरे प्रकरण : खेटे घालणे. ‘पुन्हा या’ असे उत्तर मिळताच प्रोग्राम लगेच पुन्हा विचारतो, आणि पुन्हा, आणि पुन्हा. काम शून्य, पण प्रोसेसर पूर्ण व्यग्र. यासाठी ४.२बीएसडीत ‘सिलेक्ट’ ही आज्ञा होती : या सगळ्या टोकांवर लक्ष ठेव, एखाद्यावर काही घडले की मला उठव. सिस्टिम पाच घराण्याने पुढे ‘पोल’ आणले. येथेही एक उलट चूक संभवते. पाठवायला काहीच नसताना ‘लिहिता येईल का?’ असे विचारत राहिलात, तर उत्तर बहुधा ‘हो’च असते. सिलेक्ट क्षणभरही निजत नाही आणि प्रोसेसर पुन्हा तापतो.

१८/
चौथे प्रकरण सूक्ष्म आहे. सिलेक्टने ‘तयार’ म्हटले म्हणजे पुढची आज्ञा खोळंबणार नाहीच, असे गृहीत धरणे. समजा, कोणी जोडणी केली, सिलेक्टने वर्दी दिली, पण सर्व्हरने ती स्वीकारण्यापूर्वीच समोरच्याने ती तोडली. बर्कली परंपरेतील कर्नल ती जोडणी रांगेतूनच काढून टाकत. मग खोळंबणारी ‘अ‍ॅक्सेप्ट’ आज्ञा पुढच्या पाहुण्याची वाट पाहत बसे आणि बाकी सगळे ताटकळत. रिचर्ड स्टीव्हन्स यांनी आपल्या युनिक्स जाल-प्रोग्रामिंगवरील ग्रंथाच्या १९९८ च्या आवृत्तीत हे प्रकरण सविस्तर मांडले. उपाय : सिलेक्ट वापरले तरी सॉकेट नॉन-ब्लॉकिंगच ठेवावे. वर्दी ही त्या क्षणापुरती बातमी असते, पुढच्या क्षणाची हमी नसते.

१९/
१९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एक प्रश्न मांडला, तो ‘सी-टेन-के’ या नावाने गाजला : एका यंत्राने एकाच वेळी १०००० ग्राहक का सांभाळू नयेत? यंत्रसामग्री पुरेशी होती. कमतरता पद्धतीत होती. सिलेक्टला दर वेळी संपूर्ण यादी द्यावी लागे आणि कर्नल ती पहिल्यापासून तपासे. शिवाय लिनक्सवर त्या यादीची नेहमीची मर्यादा १०२४ होती. दहा हजार दारांच्या वाड्यात एकाने दार वाजवले की पहारेकऱ्याने सगळी दारे पाहून यावी, असा तो प्रकार होता.

२०/
उत्तरे लवकरच आली. २००० मध्ये फ्रीबीएसडीत जोनाथन लेमन यांचे ‘केक्यू’, तर २००२ मध्ये लिनक्सच्या २.५ मालिकेत डेव्हिडे लिबेंझी यांचे ‘ईपोल’. आता यादी कर्नलकडेच राही आणि ज्या दारावर थाप पडली तेवढेच कळे. ईपोलच्या ‘एज-ट्रिगर्ड’ प्रकारात वर्दी नवे काही आल्यावरच मिळते. म्हणून एकदा वाचायला बसले की ईअगेन येईपर्यंत वाचावे लागते. अर्धवट वाचून उठलात तर उरलेला मजकूर पडून राहतो, वर्दी येत नाही, जोडणी मुकी होते. गंमत पाहा : जी ‘त्रुटी’ म्हणून जन्मली, तीच येथे काम पूर्ण झाल्याची पावती ठरली.

२१/
चूक दर वेळी प्रोग्रामरचीच असते असेही नाही. २००२ मध्ये जावाच्या १.४ आवृत्तीत नॉन-ब्लॉकिंग सॉकेट आले. पुढे लिनक्सवर एक विचित्र प्रकार दिसू लागला : काहीही तयार नसताना ‘सिलेक्टर’ पुन्हा पुन्हा जागा होई आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाई. अचानक तुटलेल्या जोडणीची सूचना कर्नल देत राही आणि जावा ती कोणाच्या नावावर लावावी हे जाणत नसे. नेटी या ग्रंथालयाने व्यावहारिक तोडगा काढला : सिलेक्टर सलग ५१२ वेळा विनाकारण उठला, तर तो मोडून नवा बांधायचा. खोट्या हाका मोजायच्या आणि मर्यादा ओलांडली की पहारेकरीच बदलायचा!

२२/
सर्वांत जुना वारसा मात्र याहून खोल आहे. ओ-नॉनब्लॉक ही खूण एका प्रोग्रामच्या हातातील टोकाला लागत नाही. ती कर्नलमधील सामायिक नोंदीला लागते. ही रचना युनिक्सच्या आरंभीच्या काळातली आहे. एका टर्मिनलवर चालणारे अनेक प्रोग्राम त्या एकाच नोंदीचे वाटेकरी असू शकतात. एकाने आपल्या सोयीसाठी खोळंबा बंद केला की वाड्यातील सगळ्यांचाच बंद होतो. मग ‘मेक’ किंवा ‘कॅट’सारखा बापडा जुना प्रोग्राम लिहायला जातो आणि ‘साधन तात्पुरते उपलब्ध नाही’ म्हणून कोसळतो. गुन्हेगार दुसराच असतो, आणि कित्येकदा तोवर निघूनही गेलेला असतो.

२३/
मग शोध घ्यावा कसा? इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही रीत ओळखीची वाटेल. तिचे नाव साधनचिकित्सा.
• त्रुटिक्रमांक तत्काळ टिपून ठेवा. मध्ये साधा संदेश छापला तरी तो पुसला जाऊ शकतो.
• आकडा नव्हे, नाव तपासा. आकडा प्रांतानुसार बदलतो.
• ईअगेन आणि ईवुडब्लॉक दोन्ही तपासा. पॉझिक्स त्यांना सॉकेटसाठी वेगळे असण्याची मुभा देते.
• प्रोग्रामच्या सांगण्यावर विसंबू नका. १९९१ मध्ये सनओएससाठी लिहिला गेलेला आणि पुढे लिनक्सवर आलेला ‘एसट्रेस’ प्रत्येक आज्ञा आणि तिचे उत्तर दाखवतो.
• दुसरा साक्षीदार घ्या. १९८८ चा ‘टीसीपीडंप’ तारेवर खरोखर काय गेले ते सांगतो.
दोन साक्षी जुळल्या नाहीत, तर चूक त्या दोहोंच्या मधल्या जागेत असते.

२४/
आज या गोष्टी बहुतेकांच्या नजरेआड गेल्या आहेत. २००४ मध्ये इगोर सिसोयेव्ह यांनी प्रसिद्ध केलेला एनजिनएक्स आणि २००९ मध्ये रायन डाल यांनी मांडलेला नोड-जेएस हे याच बिनखोळंब्याच्या पायावर उभे आहेत. पायथनच्या ३.३ आवृत्तीने ईअगेन, ईवुडब्लॉक, ईइनप्रोग्रेस आणि ‘आधीच सुरू आहे’ या चौघांना एकाच अपवादाच्या छत्राखाली आणले. २०१९ मध्ये लिनक्सला मिळालेल्या ‘आयओ-युरिंग’ने तर प्रश्नच फिरवला : ‘तयार आहे का?’ असे विचारायचे नाही, काम सोपवायचे आणि झाल्यावर पावती घ्यायची. तरीही खाली, तळघरात, अकरा आणि पस्तीस आपापल्या जागी आहेत.

२५/
या इतिहासातून काय घ्यावे? यंत्रांच्या जगातही अर्थ आपोआप ठरत नाहीत. माणसे ते ठरवतात, भांडतात, तह करतात, आणि त्या तहांचे तपशील आपण वारशाने वापरत राहतो. सिस्टिम पाचने शून्याला दोन अर्थ दिले तेव्हा कोणाचा हेतू वाईट नव्हता. पण दोन वेगळ्या गोष्टींना एकच खूण दिली की तिची किंमत पुढच्या पिढ्यांना मोजावी लागते. क्रमांकाचा उगम ठाऊक असेल तर रात्र वाचते. नसेल तर निर्दोष जाळ्यावर संशय घेण्यात ती जाते.

२६/
आणि आपल्यासारख्या इतिहासप्रेमींसाठी एक गोष्ट अधिक मोलाची. दप्तरात एखाद्या घटनेचा कागद सापडत नाही, तेव्हा आपल्या हातीही शून्यच येते. ‘कागद नाही, म्हणजे घटना घडली नाही’ असे म्हणणारा सिस्टिम पाचची चूक करतो. ‘कधीतरी सापडेलच’ म्हणून त्यावर प्रबंध रचणारा खेटे घालणाऱ्या प्रोग्रामची चूक करतो. ‘अजून नाही’ आणि ‘नाहीच’ यांत फरक करणे, आणि तो करता येत नसेल तर तसे स्पष्ट नोंदवणे, हीच शिस्त. बर्कलीने ती १९८३ मध्ये पस्तीस या क्रमांकाने नोंदवली.

२७/
आपल्या यंत्रावर हा क्रमांक अकरा आहे, पस्तीस की दहा हजार पस्तीस? शोधून खाली लिहा. त्यावरून आपले यंत्र कोणत्या शाखेचे, हे सांगता येईल. कोणाला एखाद्या दुसऱ्या त्रुटिक्रमांकाची वंशावळ हवी असेल तर तीही सुचवा. धागा उपयुक्त वाटला तर जाल-प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींपर्यंत अवश्य पोहोचवा. समाप्त.

#इतिहास #संगणकाचाइतिहास #मराठी